खंडेनवमीनंतरचे तीन अर्ज: एका गावातल्या परवानाधारकांच्या तंट्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावचे. गावाचे नाव देत नाही. माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी वकिली करतो. गावच्या हायस्कूलच्या संस्थेला शाळेच्या हॉलबद्दल सल्ला हवा होता, म्हणून मी यात आलो. पुढे तंटामुक्ती समितीने बोलावले म्हणून दोन बैठकांना बसलो.

गाव आणि वरच्या वाड्या धरून पंचवीस-तीस शस्त्र परवाने असतील. बाहेरच्या माणसाला हे सगळे सारखेच बंदूकवाले. गावात मात्र त्यांचे चार तट आहेत आणि चौघांचे एकमेकांविषयीचे मत फारसे बरे नाही.

पहिले माजी सैनिक. अपशिंगे मिलिटरी ज्या जिल्ह्यात आहे तिथे हे वेगळे सांगायला नको. फौजेतून सुटायचे, बारा बोअरची सिंगल बार, म्हणजे एकनळी बंदूक, घ्यायची आणि कराड-साताऱ्याच्या एखाद्या बँकेत रखवालीला लागायचे, ही रुळलेली वाट. यांचे पुढारी आबा, निवृत्त सुभेदार.

दुसरे डोंगरकडेचे शेतकरी. यांच्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या, म्हणजे नळीतून दारू ठासून भरायच्या, बंदुका, बहुतेक वाडवडलांकडून आलेल्या. भुईमूग भरायला लागला की डुकरे उतरतात, भातात गवे शिरतात. रात्री माळ्यावर बसायचे आणि बार काढून जनावर हाकलायचे. यांच्या वतीने बोलणारे तात्या.

तिसरे स्वसंरक्षणवाले, म्हणजे खडी-क्रशर, डंपर, ठेकेदारी यांतली मंडळी. कमरेला पिस्तूल, त्यावर मुद्दाम आखूड शर्ट. यांच्यातले दादा सगळ्यांत वजनदार.

चौथे हायस्कूलचे क्रीडाशिक्षक, ज्यांना गाव नुसते सर म्हणते, आणि त्यांची पोरे. शाळेच्या हॉलमध्ये दहा मीटरची एअर रायफलची रेंज. १ ऑगस्ट २०२४ ला शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन नेमबाजीचे कांस्य जिंकले आणि त्या आठवड्यात सरांच्या हॉलबाहेर पालकांची रांग लागली. स्पर्धेच्या या रायफली ४.५ मिलिमीटरच्या. त्यांची ताकद २० ज्यूलच्या आत असली की शस्त्र परवाना लागत नाही. सर त्यामुळे आवर्जून सांगत, "आमचं हे शस्त्र नाही, क्रीडासाहित्य आहे." वाक्य कायद्याला धरून होते. पण ज्या सुरात ते म्हटले जाई, तो सूर बाकीच्या तिघांना झोंबे.

जुनी कुरबुरही होती. निवडणूक आली की परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. सरसकट जमा न करता छाननी समितीने एकेक प्रकरण पाहावे, असे उच्च न्यायालयाचे म्हणणे आहे. बँकेचे रखवालदार आणि नोंदणीकृत नेमबाज यांना सूटही मिळते. गावाला यातले एवढेच दिसते, की काहींच्या बंदुका जातात आणि काहींच्या राहतात. २०२४ मध्ये लोकसभेचे मतदान इथे ७ मे रोजी झाले. त्यासाठी बंदुका गेल्या आणि त्याच काळात तात्यांच्या उन्हाळी भुईमुगात डुकरे पडली. तात्या हे मोजून ठेवणारे आहेत.

प्रसंग

खंडेनवमीला गावच्या मंदिराच्या सभामंडपात शस्त्रपूजा होते. लाल कापड अंथरलेल्या टेबलावर कोयते, नांगराचा फाळ, एक जुनी तलवार आणि शेजारी परवान्याच्या बंदुका, सगळ्यांवर झेंडू. २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरचा होता. पूजा आटोपल्यावर दादांच्या पुतण्याने टेबलावरचे पिस्तूल फोटोसाठी उचलले. बोट घोड्यावर. फोटो काढणाऱ्याने "जरा वळ" म्हटले म्हणून तो वळला, तशी नळी प्रसादाला बसलेल्या पोरांच्या पंगतीवरून फिरली.

आबांनी झेप घेऊन त्याचे मनगट खाली दाबले. इथपर्यंत त्यांचे काहीच चुकले नाही. त्यानंतर ते सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्यासारख्यांनी काठीसुद्धा हातात धरू नये."

पिस्तूल भरलेले होते का? दादा म्हणतात, मॅगझिन घरी होते. आबा म्हणतात, आत होते. मंडपात फौजेत हयात घालवलेली सात-आठ माणसे हजर होती. त्यांच्यापैकी एकानेही स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, पाहिले नाही. दादांनी पिस्तूल खिशात घातले आणि ते निघून गेले. ज्या एका गोष्टीने निवाडा झाला असता ती करायला दोन सेकंद लागले असते. पण तोवर सगळ्यांचे डोळे हत्यारावरून उठून एकमेकांच्या तोंडाकडे लागले होते.

पुढच्या काही दिवसांत तीन अर्ज झाले. दादांचे पिस्तूल काढून घ्यावे असा आबांचा, त्यावर सरांचीही सही. वाड्यांवरचे शेतकरी वनखात्याला न विचारता डुकरे मारतात, त्यांचे परवाने तपासावेत असा दादांच्या माणसांचा. आणि शाळेत पोरांच्या हातात रायफली देणे धोक्याचे आहे, असा वाड्यांवरचा. हा शेवटचा अर्ज तात्यांनी का दिला, हे मी त्यांना नंतर विचारले. ते म्हणाले, "सरांची सही बघितली. म्हटलं, हेबी तिकडंच मिळालं."

अडचण कुठे होती

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि हत्यारे जमा करण्याच्या नोटिसा निघाल्या. निवडणुकीच्या नेहमीच्याच नोटिसा. अर्जांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण गावात ज्याला त्याला वाटले की ही नोटीस दुसऱ्याच्या अर्जामुळे आली. ठाण्यातल्या अधिकाऱ्यांनी अर्ज देणाऱ्यांना बोलावून सांगितले, "तुम्हीच एकमेकांविरुद्ध लिहून देताय, तर मी सगळ्यांचाच अहवाल वर पाठवतो." शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १७ खाली सार्वजनिक शांततेच्या किंवा सुरक्षिततेच्या कारणावरून परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो, त्यामुळे ही नुसती धमकी नव्हती. शाळेच्या संस्थेने घाबरून हॉलला कुलूप लावले. सरांची एक विद्यार्थिनी निवड चाचणीची तयारी करत होती, तिचा सराव तुटला.

कायद्याच्या बाजूने तिन्ही अर्ज अर्धवट होते. आबांनी शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीचा आधार घेतला होता. त्या दुरुस्तीनुसार आनंदाच्या भरात किंवा निष्काळजीपणे गोळी झाडून कोणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण इथे गोळी झाडलीच नव्हती. खरा मुद्दा अर्जात नव्हताच: परवाना दादांच्या नावाचा, तर पिस्तूल पुतण्याच्या हातात कसे? डुकरांच्या अर्जाचेही तसेच. पीक संरक्षणाचा परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. जनावर मारायचे तर वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वेगळी परवानगी लागते. अर्जात मात्र कोणी, कधी, कुठे मारले यातले काहीच नव्हते, नुसते "वाड्यांवरचे लोक". शाळेविरुद्धच्या अर्जात एका अक्षराचीही माहिती नव्हती. अर्ज लिहिणारे त्या हॉलमध्ये कधी गेलेच नव्हते.

तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचले तेव्हा जाणवले, की प्रत्येकाने सुरक्षिततेचे नाव घेतले आहे आणि प्रत्येकाला सुरक्षितता दुसऱ्याच्या घरी हवी आहे. बंदूक असावी की नसावी, हा वाद गावात कोणाचाच नाही. वाद आहे तो बंदूक शोभते कोणाला, याचा.

समोरचे पर्याय

पहिल्या बैठकीत समितीच्या अध्यक्षांनी सगळ्यांना मत विचारले आणि दीड तास फुकट गेला. आबांचे म्हणणे, परवान्याआधी फौजेसारखी कसोटी लावा. तात्या म्हणाले, "बंदूक दाखवायची न्हाई, वापरायची बी न्हाई, मग घेतली कशाला?" दादांनी आपल्यावर झालेल्या जुन्या हल्ल्याची हकीकत सांगायला सुरुवात केली. ती खरी आहे, पोलिसांत नोंद आहे. पण ती संपायच्या आत मागून कोणी तरी हसले आणि दादा उठून गेले. त्या हसण्याची किंमत पुढे मोजावी लागली.

त्यानंतर जे पर्याय निघाले ते असे. पोलिसांना अहवाल पाठवू द्यावा आणि जे होईल ते होऊ द्यावे, हा एक. आबांना हा पसंत होता. आपला परवाना नक्की टिकेल अशी त्यांची खात्री. मला ती खात्री नव्हती. एकाच गावातून परस्परविरोधी तक्रारी गेल्या की वरचा अधिकारी सगळ्यांचेच नूतनीकरण अडवून ठेवतो, हे मी इतर प्रकरणांत पाहिले आहे. २०१९ पासून परवाना तीनऐवजी पाच वर्षांसाठी मिळतो. पण ऐन नूतनीकरणाच्या वेळी फाइल अडकली तर बँकेतली नोकरी जाते, आणि आबांच्या गटातल्या दोघांची मुदत जवळ आली होती.

शस्त्रपूजेत बंदुका आणणेच बंद करावे, असाही पर्याय होता. मला तो मनापासून पटत होता. शिवाय सणासुदीला बरेचदा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रे घेऊन जमण्यावर बंदी असते, तिकडे गावाने कधी पाहिलेच नव्हते. पण एवढ्याने तीन अर्ज मिटणार नव्हते. दादांना पूजेतून वगळावे, ही सूचना दोघा-तिघांनी मांडली. त्यावर शाळेच्या मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "त्यांना वगळलं तर पिस्तूल गावातच राहणार, फक्त आपल्याला दिसणार नाही." बैठकीतले सगळ्यांत कामाचे वाक्य तेच.

शेवटी उरला तो बेत साधा होता. हत्यारे ठाण्यात आहेत तोवरच, म्हणजे २३ नोव्हेंबरच्या मतमोजणीच्या आत, पुन्हा बसायचे. आणि कोण लायक, हा विषय काढायचाच नाही.

काय केले

दुसरी बैठक हॉलमध्येच घेतली, कुलूप उघडून. सर म्हणाले, आधी मी दाखवतो. त्यांनी एक रायफल आणली, चेंबरमध्ये घातलेला लाल प्लास्टिकचा दोरा दाखवला. हा दोरा नळीतून पार गेलेला बाहेर दिसला म्हणजे आत काही नाही. रेंजवर दोरा काढायची आज्ञा झाल्याशिवाय कोणी काढत नाही. तात्या उठून जवळ गेले, त्यांनी दोरा स्वतः ओढून पाहिला. "ठासणीला हे जमायचं न्हाई," म्हणाले, आणि मग गज घालून नळी रिकामी आहे का, हे कसे बघतात ते त्यांनी सरांना समजावले. हेच तात्या नुकतेच सरांच्या रेंजविरुद्ध लिहून मोकळे झाले होते.

मग ठरल्याप्रमाणे मी एकच प्रश्न विचारला: बंदूक घरी असते तेव्हा रात्री कुठे असते, आणि तिथे कोणाचा हात पोहोचतो?

बराच वेळ कोणी बोलेना. सरांनी सुरुवात केली. रायफली लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप. किल्ली फळ्याशेजारच्या खिळ्याला. हे सांगतानाच त्यांचा चेहरा पडला, कारण तो खिळा सगळ्यांना बसल्या जागेवरून दिसत होता. तात्यांची बंदूक देवघरामागच्या कोनाड्यात, दारू आणि केपा वरच्या फळीवर. आबांची ट्रंकेत. ट्रंकेची किल्ली कुठे असते ते नातवाला ठाऊक आहे, असे आबा नव्हे, त्यांचा मुलगा मागून बोलला. दादा आले नव्हते. त्यांच्या भावाने सांगितले की पिस्तूल कधीकधी गाडीच्या ड्रॉवरमध्ये राहते आणि गाडी धुवायला ड्रायव्हर घेऊन जातो. कोणी हसले नाही. तेवढे आधीच बजावले होते.

बैठक उठल्यावर एक काकी थांबल्या. वाडीवरच्या. त्यांनी पिशवीतून चौघडी केलेली नोटीस काढली. हत्यार जमा करण्याची तीच नोटीस, पण त्यांच्या यजमानांच्या नावाची. यजमान जाऊन तीन वर्षे होऊन गेली होती. बंदूक माळ्यावर, गोणपाटात. परवान्याची मुदतही संपलेली.

परवानाधारक वारला किंवा मुदत संपली की हत्यार विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. कलम २१ तेच सांगते. काकींना हे अर्धेमुर्धे ठाऊक होते. मग आल्या का नाहीत? "ज्याचं त्याचं नाव लिहून देत होती समदी. मी कशी बोलू?" गावात सगळे जण कमरेच्या पिस्तुलावर तावातावाने बोलत असताना खरोखर बेकायदा म्हणता येईल अशी बंदूक माळ्यावर पडून होती, आणि ती बाहेर न यायला कारण ते बोलणेच होते. माझ्या मते या साऱ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे काही असेल तर हे.

पोलीस पाटलांना बरोबर घेऊन दुसऱ्याच दिवशी बंदूक ठाण्यात जमा केली. काकींचा जबाब झाला, पंचनामा झाला, पोच घेतली. अधिकारी समंजस होते.

निष्पत्ती

आबांनी पहिला अर्ज मागे घेऊन दुसरा दिला: घडले तेवढेच, म्हणजे परवाना कोणाचा, हातात कोणाच्या, तारीख, साक्षीदार. गटाविषयी एक शब्द नाही. बाकीचे दोन अर्ज मागे घेतले गेले. सामूहिक अहवाल गेला नाही. दादांना खुलासा मागणारी नोटीस आली, त्यांनी वकील दिला, समज मिळाली, परवाना राहिला. दादांनी घरात भिंतीत बसवलेली तिजोरी घेतली असे ऐकतो. बैठकांना ते आजही येत नाहीत.

शाळेने हॉल पुन्हा उघडला; रायफलींची किल्ली आता मुख्याध्यापिकांकडे असते आणि नोंदवहीत सही करून घ्यावी लागते. चाचणीच्या मुलीने मधल्या काळात घरी नुसती पोझिशन धरून, छर्रा न घालता सराव केला. तिची निवड झाली नाही. सरांच्या मते सराव तुटल्यामुळे. ती स्वतः म्हणते, शेवटच्या सिरीजला घाई झाली.

२०२५ च्या खंडेनवमीला टेबलावर बंदुका कमी होत्या. आधी ठाण्यात विचारून घेतले, काडतुसे घरी ठेवायची हे ठरले आणि टेबलाशी आबा आणि सर नळ्या उघडून बघायला उभे राहिले. वाड्यांवरून मात्र कोणी बंदूक आणली नाही. दादांच्या माणसांनी लिहून दिलेले "परवाने तपासावेत" हे शब्द तात्यांच्या लोकांनी मनात ठेवले आहेत. अर्ज मागे घेतला म्हणजे तो विसरला जातो असे नाही.

वेगळे काय करता आले असते

मंडपातच चेंबर उघडून बघायला हवे होते. आबांनी मनगट दाबले तसेच पिस्तूल टेबलावर ठेवून सर्वांसमक्ष तपासले असते, तर पुढचे "होते-नव्हते" उरले नसते. पोरांना उठवून लांब बसवायलाही कोणाला सुचले नाही. ते का सुचले नाही, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही, कारण मंडपात त्या पोरांचे आईबाप होते.

सरांची सही हा माझ्या मते दुसरा निर्णायक टप्पा. आपण या बंदूकवाल्यांतले नाही, हे दाखवायला त्यांनी आबांच्या अर्जावर सही केली. रेंज सुरक्षित राहील असा त्यांचा हिशेब. प्रत्यक्षात त्या सहीनेच रेंज वादात ओढली गेली. क्रीडासाहित्य म्हणा की शस्त्र, गावातल्या आईबापांना दोन्हीची नळी सारखीच दिसते. सरांनी सही न करता हॉल सगळ्यांना बघायला उघडला असता, तर तात्यांचा अर्ज बहुधा आलाच नसता.

पहिल्या बैठकीत दादांचे पूर्ण ऐकून घ्यायला हवे होते. त्यांच्या पिस्तूल मिरवण्याचे समर्थन मी करणार नाही. परवान्याच्या नियमांत हत्यार परजायला मनाईच आहे. पण हल्ला झालेल्या माणसाची भीती खोटी नसते. ती हसण्यावारी गेल्यावर तो दुसऱ्यांदा कशाला येईल? आता तिजोरी खरेच आहे की नाही हेही दादांना कोणी विचारू शकत नाही.

काकींच्या बाबतीत गावाला एक जास्तीचे काम करता आले असते, आणि ते आता पोलीस पाटलांनी हाती घेतले आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार परवानाधारक वारल्यावर तर वारसाला अर्ज करता येतोच. शिवाय परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षे त्याच्याकडे राहिले, की तो जिवंत असतानाही ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. पाटील अशा वयस्कर परवानाधारकांची यादी करत आहेत. काकींचा मुलगा पिंपरीला नोकरीला असतो, त्याला बंदूक नको आहे, विक्रेत्याकडे देऊन टाकू म्हणतो. चुलते म्हणतात, घराण्याची बंदूक बाहेर जाता कामा नये. पण स्वतः अर्ज करायला तेही तयार नाहीत. बंदूक ठाण्यातच आहे. पाटलांच्या यादीत आबांचे नाव वयाने दुसरे आहे, आणि त्यांच्या दोन्ही मुलांनी वारस म्हणून अजून होकार दिलेला नाही.